अर्ध्या तासाचे देवदर्शन

मंगेशी, म्हार्दोळ आणि कवळे ही फोंडे महालातील तीन देवस्थाने हल्ली सहलीच्या मोटारीतून एका सकाळीत उरकली जातात. प्रत्येकी अर्धा तास, दीपस्तंभापुढे एक छायाचित्र, की मंडळी पुढे निघाली. या प्रवाशांचा अभिप्राय आम्ही अनेकदा ऐकला आहे. देवळे सुबक आहेत खरी. परंतु फार जुनी नाहीत, कोरीवकाम बेताचेच, शिखराच्या जागी घुमट, आणि कमानी पाहाव्यात तर चर्चच्या वळणाच्या. खरे प्राचीन देऊळ पाहायचे तर तांबडी सुर्लास जावे, असा निर्णय देऊन ते मोकळे होतात.

तांबडी सुर्लाचे महादेवमंदिर आम्हांसही प्रिय आहे. कदंबकाळातील ते काळ्या पाषाणाचे काम गोमंतकात एकमेव म्हणावे असे आहे. पण त्याच मापाने मंगेशीस मोजणे हा रसिकतेतला दोष होय. वास्तूचे वय विचारण्याआधी ती अशी का घडली हे विचारावयास हवे.

श्रीमंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, शांतादुर्गेचे केळोशी, म्हाळसेचे वेर्णे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली तेथील देवळे पाडली गेली, तेव्हा भक्तांनी आपली दैवते झुआरी ओलांडून आदिलशाही मुलखात आणली. घरदार टाकून आलेल्यांनी प्रथम देवासाठी छप्पर शोधले; भव्य मंदिरे मागाहून, सवडीने उभी राहिली. कवळ्याची आजची वास्तू 1738 च्या सुमारास, शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने झाली. तेव्हा ही देवळे नवी आहेत हा आक्षेप नसून तोच त्यांचा इतिहास आहे.

त्यांची घडणही या दृष्टीने पाहावी. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरती कौलारू छपरे, अष्टकोनी बैठकीवरचा घुमट, मंगेशीचा सात मजल्यांचा दीपस्तंभ, पुढे तुळशीवृंदावन, जवळ तळी. कमानी आणि भिंतीतील अर्धस्तंभ नदीपलीकडच्या चर्चांवरून आले हे नाकारण्याचे कारण नाही. ज्या सत्तेने हुसकावून लावले तिच्या पदरचे कसब घेऊन या लोकांनी ते आपल्या गर्भागाराभोवती आणि सभामंडपाभोवती रचले. याला अनुकरण म्हणण्यापेक्षा पचविणे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. अग्रशाळांकडे तर प्रवासी ढुंकूनही पाहत नाही. दूरदूरच्या कुळाव्यांनी येऊन चार दिवस राहावे म्हणून त्या बांधल्या. ज्या वास्तूत राहण्याची सोय प्रथमपासून योजलेली आहे, तिची परीक्षा अर्ध्या तासात कशी व्हावी? सोमवारी सायंकाळी मंगेशाची पालखी निघते तेव्हा प्रांगण एवढे मोकळे का ठेवले आहे, हे न सांगता कळते.

येथवर आम्ही प्रवाशास बोल लावला. पण आमची खरी तक्रार घरच्यांविषयी आहे. काही देवस्थानांनी जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या भिंती समूळ काढून, गुळगुळीत संगमरवरी लाद्या आणि कोठेही शोभतील अशी साचेबंद सिमेंटची शिखरे चढविली आहेत. लाकूड कुजते, कौले गळतात, उत्सवास मंडप अपुरा पडतो, या महाजनांच्या अडचणी खऱ्या आहेत. तथापि गळके छप्पर दुरुस्त करणे वेगळे आणि पूर्वजांची साक्ष पुसणे वेगळे. पाहुण्याच्या घाईच्या नजरेला दिपवावे म्हणून आपण आपले घर बदलू लागलो, तर दोष एकट्या पाहुण्याचा उरत नाही.

दुसरा मार्ग नाही असेही नव्हे. दिवाडीहून नार्व्यास आलेल्या सप्तकोटेश्वराचे देऊळ 1668 मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने नव्याने बांधले गेले. गोवा सरकारच्या पुरातत्त्व खात्याने त्याची डागडुजी केली आणि 2023 मध्ये ते भाविकांस पुन्हा खुले झाले. त्याचा बेताचा आकार व उतरते छप्पर तसेच राखले आहे. तेथे उभे राहिले असता महाराजांनी कसले देऊळ बांधविले हे आजही डोळ्यांना दिसते.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचे कुलदैवत याच टापूत आहे. पुढच्या खेपेस त्यांनी अग्रशाळेत एक रात्र काढावी, सांजवात पाहावी, आणि महाजनांच्या सभेत जीर्णोद्धाराचा आराखडा आला तर तो मंजूर करण्याआधी जुनी भिंत एकदा हाताने चाचपून पाहावी.