रक्ताचा नकार

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर-झरीकडच्या गोंड वस्तीवर अनोळखी गोंड पाहुणा टेकला, की आडनावाच्या जोडीनं एक प्रश्न येतो: देव किती? चार, पाच, सहा की सात? आकडा जुळला तर तो भाऊबंद, मग तिथं सोयरीक नाही. माणूस कोण हे एवढ्यानं पुरतं उलगडत नाही. तो कोण होऊ शकत नाही, हे मात्र पक्कं होतं. रक्तगटाची भाषाही अशीच नकाराची. त्या भाषेतलं मला सर्वांत देखणं वाटणारं लेखन म्हणजे १९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेलं, जेमतेम दोन पानांचं टिपण.

लेखक सात. मुंबईचे भेंडे, देशपांडे आणि भाटिया. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटचे सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स. पहिली खुमारी शीर्षकात आहे. तिथं रक्तगटाच्या गुणधर्माला लावलेला ‘नवा’ हा शब्द अवतरणचिन्हांत घातलाय आणि लगेच पुढे एबीओ गटांशी त्याचं नातं सांगितलंय. शोध लावणारेच दबक्या आवाजात बोलतात. नवा आहे खरा, पण घरातलाच.

विषय काय, तर तीन माणसांचं रक्त. रक्तपेढीतली आजची टाइल डोळ्यांपुढे आणा. निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी. शेजारी रक्ताचा एकेक थेंब. काडीनं मिसळलं, टाइल हलवली, गुठळी नाही. म्हणजे ‘ओ’. पण याच माणसाचा सीरम ‘ओ’च्या पेशींत घातला की गुठळ्या! ज्या ‘ओ’ला कुणी नाकारत नाही, त्यालाच हे रक्त परतवून लावतं. कारण ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात, तो ‘एच’ नावाचा पायाच इथं नाही. ‘ओ’त तो उघडा असतो, म्हणून ‘ओ’ही परका. भारतात साधारण दहा हजारांत एकाचं रक्त असं असतं. अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय. इथं तो एकाही विशेषणाविना जागा होतो.

खरी कलाटणी टिपणाबाहेर, तीन वर्षांनी आली. १९५५ मध्ये संशोधक लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ‘ओ’ भासणारी आई लेकीला ‘बी’ देऊ शकते. जनुक असतं, फक्त उभं राहायला पाया नसतो. नुसती टाइल पाहणारा म्हणाला असता, ही लेक हिची नव्हेच. ज्या नकारावर सगळी भिस्त, तोच खोटा पडला.

हेच रक्त वंशाचीही खूण देतं. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर एच नसलेले किंवा क्षीण असलेले लोक सापडले, तेव्हा भारतीय वंशाच्या कुटुंबांतला जनुकबदल वेगळा निघाला आणि गोऱ्या रहिवाशांतला वेगळा. टाइलवर साधा ‘ओ’, पण जनुकात भारताची वाट.

म्हणून तो ‘नवा’भोवतीचा संकोच मला मोलाचा वाटतो. त्यात उत्तराची घाई नाही. वस्तीवरचा म्हाताराही देवांचा आकडा ऐकून थांबत नाही. पाहुण्यापुढे पाण्याचा गडू ठेवतो आणि विचारतो, गाव कोणतं?