१२७ राउटर आणि आमच्या घरातला एक: एका अहवालाचं वाचन

बऱ्याच जणांनी विचारलं होतं की "पेपर वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" उत्तरात सल्ले देण्यापेक्षा एक अहवाल तुमच्यासोबतच वाचतो. निवडण्याचं कारण सरळ आहे. प्रपोजलमध्ये मी याच अहवालातला आकडा डोळे झाकून टाकला होता, आणि मॅडमनी फक्त एवढंच विचारलं: "हा आकडा नक्की कशाचा आहे?" मला सांगता आलं नाही. ते प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

अहवाल जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेच्या एफकेआयई विभागाचा, २०२० सालचा. युरोपात विकणाऱ्या सात मोठ्या कंपन्यांचे (आसुस, एव्हीएम, डी-लिंक, लिंक्सिस, नेटगिअर, टीपी-लिंक, झायझेल) घरगुती वापराचे १२७ राउटर त्यांनी घेतले. 'घेतले' म्हणजे विकत नाही आणले. प्रत्येकाचं सर्वात नवं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, मिळवलं आणि स्वयंचलित टूलने ते उलगडून पाच गोष्टी तपासल्या: शेवटचं अपडेट कधीचं, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती कोणती, हल्ला अवघड करणारी संरक्षणं वापरली आहेत का, फर्मवेअरमध्ये गुप्त किल्ल्या (प्रायव्हेट की) सापडतात का, आणि पासवर्ड आतच कायमचे लिहून ठेवलेत का.

निष्कर्ष गाजले. दोषमुक्त राउटर एकही नाही. ४६ राउटरना वर्षभरात एकही सुरक्षा अपडेट नाही. एक तृतीयांशाहून जास्त राउटर लिनक्स कर्नल २.६.३६ किंवा त्याहून जुन्यावर, आणि त्या २.६.३६ ला शेवटची दुरुस्ती मिळाली होती फेब्रुवारी २०११ मध्ये! काही राउटरमध्ये सहज फुटणारे पासवर्ड, जे वापरणाऱ्याला बदलताही येत नाहीत. एव्हीएम बहुतेक बाबतीत इतरांपेक्षा बरी, पण तीही निर्दोष नाही.

आधी श्रेय देऊ. सात कंपन्यांना एकाच फूटपट्टीने मोजणं हे मोठं काम आहे. एकेका राउटरमध्ये एकेक भोक शोधून दाखवणारे पेपर ढिगाने आहेत, पण त्यातून "कोणती कंपनी जास्त काळजी घेते?" याचं उत्तर मिळत नाही. इथे मिळतं. आणि सगळ्यांचंच सारखं वाईट नाही, हा माझ्या मते अहवालातला सर्वात महत्त्वाचा निष्कर्ष. एका कंपनीला जमतं, म्हणजे बाकीच्यांचं "या किमतीत शक्यच नाही" हे कारण कमजोर पडतं.

आता मॅडमचा प्रश्न. हा आकडा कशाचा?

पहिलं, भेद्यतांची संख्या. "शेकडो ज्ञात भेद्यता" हे वाक्य वाचून आपण दचकतो. पण ती संख्या मुख्यतः कर्नलच्या आवृत्तीवरून येते: अमुक आवृत्ती, म्हणजे तिच्या नावावर नोंदलेल्या एवढ्या भेद्यता. यात दोन अडचणी आहेत. कंपनी आवृत्तीचा क्रमांक तोच ठेवून दुरुस्ती मागे नेऊन बसवू शकते. शिवाय ज्या ड्रायव्हरमध्ये दोष आहे तो त्या राउटरच्या कर्नलमध्ये घातलेलाच नसेल, तर तो दोष तिथे नाहीच. म्हणजे आकडा फुगतो. पण तो फक्त फुगतो असंही नाही. राउटरवरचे प्रत्यक्ष हल्ले पुष्कळदा कर्नलवर होतच नाहीत. ते होतात कंपनीने स्वतः लिहिलेल्या सेटिंगच्या वेबपानावर. त्या कोडमधले दोष आवृत्ती जुळवून सापडत नाहीत. म्हणजे तोच आकडा एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी मोजतो. कंपन्यांची तुलना करायला तो चालेल. "माझ्या राउटरला ३०० भोकं आहेत" असं म्हणायला चालणार नाही.

दुसरं, किल्ल्या. फर्मवेअर कोणीही डाउनलोड करू शकतो, त्यामुळे त्यात गुप्त किल्ली ठेवणं म्हणजे कुलूप लावून किल्ली दारावरच टांगणं. मुद्दा बिनतोड. पण किल्ल्यांची *संख्या* मोजून काय कळतं? एखाद्या लायब्ररीसोबत आलेली, कुठेच न वापरलेली नमुना किल्ली आणि सगळ्या ग्राहकांच्या सेटिंगच्या पानाचं रक्षण करणारी किल्ली, मोजणीत दोघी सारख्याच. पाच निरुपयोगी किल्ल्यांपेक्षा वापरातली एक वाईट. मोजायला सोपं ते मोजलं गेलं, असं इथे स्पष्ट दिसतं. (आपणही हेच करतो. थिसिसमध्ये सापडेलच!)

तिसरं, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. हा अहवाल कंपनीच्या वेबसाइटवर काय ठेवलंय ते मोजतो. घरातल्या राउटरमध्ये काय चालू आहे, ते नाही.

आमच्याच घरचं बघा. राउटर इंटरनेटवाल्याने दिलेला. दर वेळी तो येतो तेव्हा वायफायचा पासवर्ड म्हणून बाबांचा मोबाइल नंबर टाकतो. गल्लीतल्या प्रत्येक घरी हीच पद्धत. सुट्टीत गेलो तेव्हा मी मोठ्या उत्साहाने सगळं बदललं: वायफायचा पासवर्ड, सेटिंगचा पासवर्ड, सगळं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. महिनाभराने लाइन बंद पडली. इंटरनेटवाल्याचा माणूस आला, टाचणीने रीसेटचं बटण दाबलं, पाच मिनिटांत नेट सुरू. आईचा फोन आला, "अरे, किती हुशार पोरगा आहे! तुझा तो कागद लागलाच नाही." राउटर पुन्हा जिथल्या तिथे. फर्मवेअर अपडेट करायला बघावं तर तो पर्यायच सेवा देणाऱ्याने बंद केलेला.

या घराची नोंद त्या १२७ मध्ये कुठे बसेल? कुठेच नाही. कंपनीने उद्या उत्तम अपडेट काढलं, तरी आमच्याकडे ते पोचेल याची खात्री नाही.

पोचवण्याचं महत्त्व किती, त्याचं उदाहरण जर्मनीतच आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराईच्या एका नव्या रूपाने राउटरच्या दूरस्थ देखभालीच्या पोर्टवर मारा केला आणि डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले. मजा म्हणजे ते राउटर त्या हल्ल्याने संक्रमित झालेच नाहीत. माऱ्याने गुदमरून बंद पडले. कंपनीने अपडेट तयार केलं आणि ग्राहकांना सांगितलं, राउटर थोडा वेळ बंद करून पुन्हा चालू करा. एवढ्यावर भागलं, कारण अपडेट आपोआप उतरण्याची वाट तयार होती.

सोपेपणाचा प्रश्नही अहवालात नाही, आणि सुरक्षेचे काही सर्वात वाईट निर्णय सोपेपणाच्या नावाखाली झालेत. डब्ल्यूपीएस आठवा. लांब पासवर्ड टाइप करायला नको म्हणून आठ अंकी पिन. वाटतं १० कोटी शक्यता. पण २०११ मध्ये श्टेफान फीबॉक यांनी दाखवलं की राउटर पहिले चार अंक वेगळे तपासून बरोबर-चूक सांगतो, आणि शेवटचा अंक तर आधीच्या सात अंकांवरून काढता येतो. म्हणजे १०,००० अधिक १,०००: जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न. काही तासांचं काम. पण यावरून "सोपं म्हणजे असुरक्षित" असा निष्कर्ष काढू नका. चूक सोपेपणाची नव्हती, पिन दोन तुकड्यांत तपासण्याची होती.

कायद्यांनाही हेच दिसू लागलंय. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना सारखा डिफॉल्ट पासवर्ड चालत नाही, आणि अपडेट कधीपर्यंत देणार हे सांगावं लागतं. पण किती काळ द्यायचे, हे तो कायदा ठरवत नाही. फक्त जाहीर करायला लावतो. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा पुढे जातो: साधारणपणे किमान पाच वर्षं. त्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील.

तर अहवाल वाचावा का? नक्की वाचा. पण वाचताना वहीत तीन प्रश्न लिहून ठेवा. काय मोजलं? त्यावरून काय म्हटलं? आणि या दोन्हींच्या मध्ये कोण राहून गेलं?

तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणजे टाचणी घेऊन आलेला तो मुलगा. तो चुकला नाही. त्याला दिवसात किती तरी घरं संपवायची असतात, आणि रीसेट हाच सर्वात जलद उपाय त्याच्या हातात दिलेला आहे. असा राउटर का नाही बनत, जो रीसेट केल्यावरही सुरक्षितच सुरू होईल? माझं नवं प्रकरण आता या प्रश्नावर आहे. मॅडमनी अजून काही म्हटलेलं नाही. म्हणजे बहुधा वाचतायत.