नेतृत्व सिद्धांतातील अनुयायी : एक चिकित्सा

नेतृत्वाच्या अभ्यासात अनुयायी दीर्घकाळ उपेक्षित राहिला. रॉबर्ट केली यांनी १९८८ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’तील लेखात ही उणीव दाखवून दिली. स्वतंत्र चिकित्सक विचार आणि सक्रिय सहभाग या दोन निकषांवर त्यांनी अनुयायांचे वर्गीकरण केले. दोन्हींत सरस तो प्रभावी अनुयायी. सक्रिय परंतु परावलंबी विचारांचा तो केवळ होयबा.

ही मांडणी मोलाची असली तरी अपुरी आहे. मतभेदाची किंमत अनुयायाला कोणती मोजावी लागते, हा प्रश्न तीत गौण ठरतो. बढती ज्याच्या हाती, त्याच्यापुढे मौन बाळगणारा कर्मचारी विचारशून्य असतोच असे नाही. वर्गीकरणात जो व्यक्तिगुण भासतो, तो पुष्कळदा सत्तासंबंधांचा परिणाम असतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. थोर पुरुषांविषयीची कृतज्ञता त्यांनी मान्य केली, पण तिला मर्यादा घातली. येथे अनुयायी प्रथम नागरिक आहे. सारांश, अनुयायाच्या गुणांसोबत त्याच्या नकाराच्या अधिकाराचा विचार केल्याखेरीज नेतृत्वाचा सिद्धांत पूर्णत्वास जाणार नाही.