नदी कोणाची? श्लेगर आणि ऑस्ट्रॉम यांचा तक्ता एका सॅमन नदीवर तपासताना

सामायिक संसाधनांवर संशोधन करायचं ठरवलंत की एक लेख तुमच्या वाचनयादीत येणारच: एडेला श्लेगर आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा 'लँड इकॉनॉमिक्स'मधला 1992 चा लेख. मालकी ही एकसंध गोष्ट नाही, ती हक्कांची मोळी आहे, हा त्याचा गाभा. मोळीत पाच काड्या आहेत: प्रवेश, काढणी (म्हणजे मासे, लाकूड, पाणी घेणं), व्यवस्थापन, इतरांना अडवणं आणि हस्तांतरण. कोणाकडे किती काड्या आहेत त्यावरून तो माणूस 'मालक' की फक्त 'अधिकृत वापरकर्ता', ते ठरतं.

लेखाचं मोल मोठं आहे. 'सरकारी की खाजगी' या जुन्या दोन खणांतून त्याने आपल्याला बाहेर काढलं. विकण्याचा हक्क नसलेले लोकही संसाधन नीट सांभाळतात, हे मेन राज्यातल्या लॉबस्टर मच्छीमारांच्या उदाहरणाने दाखवलं. पण हा तक्ता गळाने मासे धरण्याच्या नदीवर ठेवला, की तो तीन ठिकाणी अपुरा पडतो.

नदी घेऊया न्यूयॉर्क राज्यातली. तिचं नावच सॅमन रिव्हर. ती पुलास्की गावातून वाहत ऑन्टॅरिओ सरोवराला मिळते. तिथला मूळचा अटलांटिक सॅमन एकोणिसाव्या शतकात संपला. आज शरद ऋतूत नदीत चढतात ते चिनूक आणि कोहो, म्हणजे पॅसिफिकचे सॅमन. शिवाय स्टीलहेड आणि ब्राउन ट्राउट. वरच्या बाजूला ऑल्टमार इथे राज्याचं मत्स्यबीज केंद्र 1980 पासून चालतं. म्हणजे यातले बरेच मासे सार्वजनिक पैशातून वाढवून सोडलेले असतात.

पहिली अडचण: 'संसाधन' एक की तीन? सरोवरातून वर येताना मासा आधी मुखाजवळच्या एका खाजगी पट्ट्यातून जातो. तिथला मालक गळवाल्यांना दिवसाचे पास विकतो. होडीतून येऊन इथे मासे धरणारे गाईड आणि हौशी लोक यांच्याविरुद्ध 'डग्लस्टन मॅनर' कोर्टात गेलं. 1997 मध्ये कोर्ट ऑफ अपील्सने, म्हणजे त्या राज्यातल्या सर्वोच्च न्यायालयाने, मालकाच्या बाजूने निकाल दिला. जनतेला पाण्यावरून होडी नेण्याचा हक्क आहे, पण जुन्या सनदांतून नदीचा तळ ज्याच्याकडे आला, मासेमारीचा हक्कही त्याचाच, असा त्या निकालाचा आशय.

आता तक्ता भरून बघा. पाण्यावरून जाणं सर्वांचं, तळ एकाचा, पोहणारा मासा राज्याने वाढवलेला. एकाच ठिकाणी तीन वस्तू, तीन हक्कदार. लेख मात्र 'संसाधन' हा शब्द एकवचनी धरून चालतो. त्यातच तक्त्यात प्रवेश आणि काढणी एकाच ओळीत बसवलेत. डग्लस्टनचा सगळा वाद तर या दोघांच्या फटीतच आहे: होडीतून जा, पण गळ टाकू नका. लॉबस्टरच्या उदाहरणात ही फट दिसत नाही, कारण तिथला समुद्रतळ कोणा शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर नसतो.

दुसरी अडचण: प्रवेश कशासाठी? न्यूयॉर्क राज्य 1935 पासून काठावरच्या राजीखुशी जमीनमालकांकडून 'सार्वजनिक मासेमारी हक्क' विकत घेत आलंय. आपल्याकडच्या वहिवाटीच्या हक्कासारखाच हा प्रकार. साधारण 33 फूट रुंदीची काठाची पट्टी, त्यावरून चालायचं आणि मासे धरायचे. हक्क कायमचा, जमीन विकली तरी टिकणारा. पण फक्त मासेमारीसाठी! पोहायला किंवा तंबू ठोकायला नाही.

मग तो शेतकरी कोण? तक्त्यानुसार मालक म्हणावं, तर तो गळवाल्याला अडवू शकत नाही. मालक नाही म्हणावं, तर पोहणाऱ्याला तो सरळ हाकलू शकतो. म्हणजे अडवण्याचा हक्क 'आहे' किंवा 'नाही' असा नसतो, तो हेतूनुसार चिरलेला असतो. तक्त्यात हेतूचा रकानाच नाही.

तिसरी अडचण: काढणी म्हणजे काय? याच नदीवर ऑल्टमारजवळ असे भाग आहेत जिथे फक्त फ्लाय फिशिंग चालतं आणि धरलेला मासा परत सोडावाच लागतो. माणूस दिवसभर पाण्यात उभा राहतो आणि रिकाम्या हाताने, खूश होऊन घरी जातो. इथे नेमकं काय काढलं? लेख ज्याला 'उत्पादन' म्हणतो, ते इथे मासा नसून अनुभव आहे. आणि तरीही माशाला त्याची किंमत मोजावी लागते: दमणूक, जखम, कधी मृत्यू. अशी काढणी 'शून्य' लिहिली तर व्यवस्थापनाचा हिशेब चुकतो.

दुसरी बाजूही आहे. खाजगी पट्ट्यावर पासांची संख्या मर्यादित ठेवता येते, म्हणजे व्यवस्थापन आणि अडवणं जोडलेलं असतं असं श्लेगर-ऑस्ट्रॉम म्हणतात ते तिथे दिसतंच. पण हा निसर्गनियम नाही. माँटाना या ट्राउटच्या राज्यात 1984 चे निकाल आणि 1985 चा कायदा यांनी उलट वाट धरली: तळ कोणाचाही असो, नेहमीच्या उंच पाणीरेषेच्या आत जनतेला नदी वापरता येते. मात्र नदीपर्यंत पोचायला खाजगी जमीन तुडवायची मुभा त्या कायद्याने दिलेली नाही. तिथेही पुन्हा तेच: प्रवेश कुठे, आणि कशासाठी?

म्हणून प्रस्ताव लिहिताना हा तक्ता फेकू नका, पण तो फॉर्मसारखा भरूही नका. प्रत्येक रकान्यापुढे दोन प्रश्न जोडा: कोणत्या वस्तूवर हक्क, आणि कोणत्या हेतूसाठी? हे विचारलं नाही तर प्रबंधात ही नदी एकतर 'सार्वजनिक' होईल किंवा 'खाजगी'. मग ज्याला परवाना काढूनही मुखाजवळ गळ टाकता येत नाही, तो माणूस तुमच्या निष्कर्षांत कुठेच दिसणार नाही. ज्या दोन खणांतून या लेखाने आपल्याला बाहेर काढलं, तिथेच आपण परत जाऊन बसू.