विज्ञान केंद्रातील ऊर्जेची मांडणी : नेहरू विज्ञान केंद्र आणि कोल्हापूर परिसर

प्रस्तावना
तंत्रज्ञानविषयक संग्रहालयाचे मूल्यमापन केवळ वस्तूंच्या संख्येवरून करता येत नाही. वस्तूंमधील परस्परसंबंध ते कितपत उलगडते, हा खरा निकष होय. या निकषावर मुंबईतील नेहरू विज्ञान केंद्राचा व त्या अनुषंगाने कोल्हापूर परिसराचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन
वरळी येथे १९७९ मध्ये विज्ञान उद्यान सुरू झाले व ११ नोव्हेंबर १९८५ रोजी केंद्राचे उद्घाटन झाले. प्रेक्षकाने उपकरण स्वतः हाताळून निसर्गनियम जाणून घ्यावा, ही या केंद्राची भूमिका शैक्षणिकदृष्ट्या निःसंशय मोलाची आहे. तथापि तिला एक मर्यादाही आहे. असे उपकरण नियम दाखविण्यासाठीच घडविलेले असते. त्याला कारागीर, इंधनाचा खर्च, श्रम असा भूतकाळ नसतो. केंद्राच्या संग्रहातील रेल्वेचे वाफेचे इंजिन व वाफेवर चालणारी लॉरी यांना तो आहे. परंतु त्यांची ओळख वाहतुकीच्या इतिहासातील टप्पे अशी करून दिली जाते आणि ऊर्जेच्या रूपांतराचा धागा दुय्यम ठरतो.

कोल्हापूर परिसरातील गुऱ्हाळ हा धागा सलग दाखवू शकते. घाणा पूर्वी बैल ओढीत. पुढे तेलाचे इंजिन आले, नंतर विजेची मोटर. चुलवणात मात्र वाळविलेले चिपाडच जळत राहिले. सूर्यप्रकाशाची ऊर्जा उसाच्या रसात व चिपाडात साठते आणि एकाच उसाचा एक भाग दुसऱ्याला आटवितो. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने भोगावतीवर सुरू झालेल्या राधानगरी धरणाचे पाणी शेतीला मिळते, त्यावर वीजही निर्माण होते. वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र व अर्थकारण येथे वेगळे काढता येत नाहीत.

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातील, ब्रह्मपुरी येथे सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती प्राचीन सागरी व्यापाराची साक्ष देते. जुन्या घाण्याला व इंजिनाला असे पुराव्याचे मोल अद्याप दिले जात नाही. कालबाह्य होताच त्यांची किंमत भंगाराच्या वजनावर ठरते.

निष्कर्ष
केवळ यंत्र जतन करणेही पुरेसे नाही. काहील केव्हा उतरवावी, हे गुळव्या पाकाच्या रंगावरून व चिकटपणावरून ठरवितो. ते ज्ञान यंत्रात नसते, माणसात असते. म्हणून महाविद्यालयांतील विज्ञान व इतिहास विभागांनी एकत्रितपणे यंत्रांची नोंद व कारागिरांच्या मुलाखती हाती घेणे अगत्याचे आहे. संग्रहालयाची इमारत नंतरही उभी राहू शकेल. गुळव्याची साक्ष मात्र त्याच्या हयातीतच नोंदवावी लागेल.