आठ डॉलरांची घासाघीस

परदेशातल्या बाजारात मराठी प्रवासी शिरला की पुढची दीड-दोन पानं काय होणार हे वाचकाला आधीच माहीत असतं. बाजार इस्तंबूलचा असो, कैरोचा असो की बँकॉकचा. गाइडने बसमध्येच सांगून ठेवलेलं असतं, की सांगतील त्याच्या एक तृतीयांशापासून सुरुवात करा. दुकानदार शंभर म्हणतो, आपला लेखक तीस म्हणतो. दुकानदार छातीवर हात ठेवून मुलाबाळांची शपथ घेतो. लेखक पाठ फिरवतो, दहा पावलं टाकतो, मागून हाक येते. चाळीसवर सौदा पटतो. हॉटेलवर आल्यावर कळतं, की ग्रुपमधल्या एका काकूंनी तीच वस्तू पंचवीसला आणली. हशा, आणि प्रकरण संपलं.

हा प्रसंग मी पुस्तकांत, दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत इतक्या वेळा वाचला आहे की आता लेखकाचं नाव झाकलं तरी फरक पडत नाही. तोच तो प्रसंग येतो याला माझी हरकत नाही. लावणीतही तेच येतं, कीर्तनातही. माझी हरकत त्यातल्या आवाजाला आहे. तो आवाज कुठून आला आणि अजून का टिकून आहे, हे पाहायला हवं.

जुन्या प्रवासवर्णनांत तो नाही. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवायला. 'माझा प्रवास'मध्ये पैशाचा विषय सतत आहे, पण प्रवासी तिथे कमावणारा आहे आणि लुटला जाणारा आहे, गिऱ्हाईक नव्हे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या, निमित्त आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचं. १८८९ मध्ये आलेलं त्यांचं पुस्तक तिथला समाज कसा चालतो ते सांगायला लिहिलेलं आहे. आणि गांधी. 'सत्याचे प्रयोग'मध्ये लंडनला साहेब बनण्याचा नाद लागला त्या दिवसांचं एक प्रकरण आहे. बाँड स्ट्रीटवर शिवलेला संध्याकाळचा सूट दहा पौंडांचा, उंच टोपी एकोणीस शिलिंगांची, नाचाच्या शिकवणीचे तीन पौंड, व्हायोलिनचे तीन. खरेदीचं इतकं नेमकं प्रकरण आपल्याकडे दुसरं मला माहीत नाही. त्यात दुकानदार लबाड नाही. दुकानदार जवळजवळ नाहीच. वस्तू आहे, किंमत आहे आणि ती मोजणारा पोरगा आहे. हसू येतं ते त्या पोराचं. पुढे हाच माणूस सहीचे पाच रुपये हरिजन फंडासाठी वसूल करू लागला, पण तो वेगळा विषय.

घासाघिशीचा विनोदी आवाज आला स्वातंत्र्यानंतर. गाडगिळांचं 'साता समुद्रापलीकडे' १९५९चं, पु. लं.ची 'अपूर्वाई' त्याच्या पुढच्या वर्षीची. त्या काळी परकीय चलन म्हणजे सोन्याहून दुर्मिळ. साठ-सत्तरच्या दशकांत देश सोडताना खिशात जेमतेम आठ डॉलर असत, ही आठवण त्या पिढीतले लोक अजून सांगतात. अशा माणसाने परदेशी बाजारात पै-पैचा विचार करणं साहजिक होतं. पु. लं.चा निवेदक भांबावलेला, स्वतःवर हसणारा मध्यमवर्गीय आहे आणि ती भूमिका त्या काळाला प्रामाणिक होती. बाजारात समोर उभा असलेला माणूस त्याच्याहून श्रीमंत होता, निदान देश तरी श्रीमंत होता. दुबळ्याने हुशारी दाखवली की ती गोड वाटते. आपल्या लोककथा त्यावरच चालतात.

मग पैसा बदलला. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मोकळीक दिली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलरांवर आहे. थायलंड, बाली, व्हिएतनाम, कैरो इथे फुटपाथवर माल मांडून बसलेल्या माणसापेक्षा आपण उघडउघड सधन असतो. पण लिहायला बसलो की आवाज तोच, आठ डॉलरवाला. खिशात कार्ड, तोंडात गरिबाची चतुराई. या न जुळण्याची दखल आपलं प्रवासवर्णन घेत नाही, आणि ती घेतली गेली नाही की विनोदाची दिशाच उलटते. आधी तो वर जात होता, आता खाली येतो.

मी वर्ध्याचा. आमच्याकडे घासाघिशीला वाईट समजत नाहीत, उलट भाव न करणाऱ्याला थोडं वेंधळं समजतात. गुजरीत मेथीची जुडी घेताना 'काऊन वो मावशी, जास्ती सांगून राहिल्या' हे वाक्य नमस्कारासारखं असतं. ती पण ऐकवते, 'कालपासून पाणी नाही पडलं, मळ्यात ये न पाहायला.' मग दोन रुपये कमी, किंवा वरून चार मिरच्या. या बोलण्यात पाऊस कळतो, माल कुठून आला ते कळतं, तिच्या सुनेची तब्येत कळते. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजारावर १९७८ मध्ये निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की अशा बाजारात सगळ्यात दुर्मिळ गोष्ट म्हणजे माहिती, आणि घासाघीस हा ती मिळवण्याचा मार्ग आहे. म्हणूनच माणसं पुन्हा पुन्हा त्याच दुकानदाराकडे जातात. भांडतात, पण त्याच्याशीच भांडतात. मेथीवालीचं आणि माझं भांडण पुढच्या बुधवारच्या भरवशावर चाललेलं असतं. मी फार ताणलं तर बुधवारी ती मला शिळी जुडी देईल, तिने फार ताणलं तर मी शेजारणीकडे जाईन.

पर्यटकाला पुढचा बुधवार नसतो. भाव करण्याची भाषा आपण घरून नेतो आणि तिचा अर्धा अर्थ विमानतळावर राहतो. उरतो नुसता आकडा. बँकॉकला चातुचाक बाजारात मी एका बाईकडून टी-शर्ट घेतला तेव्हा आमच्यात एकही शब्द झाला नाही. तिने कॅल्क्युलेटरवर २०० लिहून माझ्याकडे दिलं, मी खोडून १०० केलं, ती हसली, १८०. शेवटी १५० बाट. आमच्या ग्रुपमध्ये मी पटाईत ठरलो.

वर्ध्यात मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा राहत. लंडनला हिशेबतपासनीस झालेला, कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस गांधींच्या ग्रामोद्योग संघाचं काम इथून चालवत होता. त्यांनी वारंवार एक गोष्ट मांडली: वस्तू विकत घेणारा ती बनण्यात जे जे घडलं त्या सगळ्याचा भागीदार होतो. त्यांचं उदाहरण कोकोचं. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सक्तीच्या मजुरीने कोको पिकला, आरमाराच्या धाकाखालच्या समुद्रातून आला, तर कप तोंडाला लावणाऱ्याचे हात कोरडे कसे? हे वाचून प्रवासवर्णनातल्या त्या दीड पानाकडे पाहिलं की जाणवतं, तिथल्या वस्तूला भूतकाळच नाही. गालिचा किती दिवस विणला, कोणी विणला, दुकान मालकाचं की रोजंदारीवरच्या पोराचं, हे विचारायला भाषेची अडचण येते हे कबूल. पण भावासाठी तीच भाषा कशी पुरते?

यावर उत्तर 'एकच भाव' असं कोणी देईल, आणि आमच्याकडे त्याची परंपराही आहे. क्वेकर पंथीयांनी सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये ठरवलं, की मनात एक किंमत ठेवून तोंडाने दुसरी सांगणं हे खोटं बोलणं आहे. खादी भांडारात भाव होत नाही. १९३५ मध्ये चरखा संघाने कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी द्यायचं ठरवलं. आठ तासांना आठ आणे ही गांधींची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही, पण खादी महागली, आणि गांधींचं म्हणणं होतं की गिऱ्हाइकाने ते सोसावं. मला हा निर्णय आजही मोठा वाटतो. तरी एक खटकतं. सेवाग्रामला आलेला पाहुणा, देशी असो की परदेशी, चिठ्ठीवरची किंमत वाचतो, पैसे देतो, पिशवी घेतो. विणणाऱ्याला न्याय मिळाला असेल, पण त्याच्याबद्दल एक शब्दही निघत नाही. पॅरिसच्या मोठ्या दुकानांनी किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या त्याही काही विणकराच्या काळजीपोटी नव्हे. तेव्हा घासाघीस बंद करा असं मला मुळीच म्हणायचं नाही. लिहिणाऱ्याने ती अर्धवट लिहू नये, इतकंच.

'दहा पावलं' हा त्या प्रसंगातला हुकमी डाव. तो खेळायला निघून जाण्याची सोय लागते. कापूस विकायला आलेल्या आमच्या शेतकऱ्याला ती नसते. हिंगणघाटचा कापूस एके काळी त्याच नावाने इंग्लंडच्या बाजारात ओळखला जायचा, भाव तिकडे ठरायचा. २०२५-२६च्या हंगामात हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये होता, पण ओलावा आठ टक्क्यांवर गेला की तो कापला जातो आणि बारावर गेला की सीसीआय घेतच नाही. गाडी भाड्याची, उभी राहिली तर भाडं वाढणार. व्यापारी पाठ फिरवतो तेव्हा हाक मारतो शेतकरी. हे लहानपणापासून पाहिलेला माणूस त्याच विषयावर परदेशातून विनोदी प्रकरण लिहून आणतो, तेव्हा त्याला काहीच कसं आठवत नाही?

त्याला म्हणजे मला. चातुचाकवर मी एका दिवाळी अंकात लिहिलं होतं. त्यात कॅल्क्युलेटर होता, दहा पावलं होती, काकूही होत्या. लोकांना आवडलं. वाचवलेल्या पन्नास बाटांचे सव्वाशेच्या आसपास रुपये होतात. परवा तो लेख पुन्हा वाचला. ती बाई उभी होती की बसलेली, वयाने केवढी होती, सोबत कोणी होतं का, यातलं काहीच त्यात नाही, आणि आता मला आठवतही नाही.