'गावगाड्या'तील खळे

चैत्राच्या सुमारास इंदुराहून देवासकडे निघाले की गव्हाच्या शेतांतून आता यंत्र फिरताना दिसते. कापणी, मळणी, उफणणी एकाच फेरीत उरकते. मधोमध मेढ, तिच्याभोवती बैलांची पात, वावडीवर उभा राहून वाऱ्याची वाट पाहणारा कुणबी, असले खळे पुढील पिढीस बहुधा पुस्तकातच भेटणार. म्हणून त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) आम्ही पुन्हा हाती घेतला.

आत्रे मुलकी खात्यातील अधिकारी. चावडीवरचे व दप्तरातले शब्द त्यांच्या लेखणीस आपसूक येतात. असे ठसठशीत गद्य आमच्या वकिली कागदांत उतरते तर न्यायाधीशांची झोप तरी उडती! खळ्याकडे मात्र ते पाहतात हिशेबनिसाच्या नजरेने. रास पडली की कारू-नारू येतात, त्यांच्यामागून फिरस्ते येतात, आणि वर्षभर राबलेल्या कुणब्याची रास बघता बघता खाली बसते. हा कळवळा अस्सल आहे, याविषयी आम्हांस शंका नाही.

परंतु फिर्याद एकाच बाजूची आहे. सुताराने भरलेला नांगर, चांभाराने शिवलेली मोट, महाराने केलेली राखण यांचे मोल ठरविताना माप कुणब्याच्याच हाती राहते. फिरस्त्याचा मागता हात आणि बलुतेदाराचा हक्काचा हात यांतील अंतरही त्यामुळे पुसट होते. कायद्याच्या अभ्यासकास हे खटकल्यावाचून राहत नाही.

१९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महारांना मिळणारे धान्याचे बलुते बंद करून त्याऐवजी रोख वेतनाची सोय व्हावी, हा त्यातील एक हेतू होता. ते विधेयक तडीस गेले नाही. कनिष्ठ वतने नाहीशी करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडले. नवल असे की, बलुते आत्र्यांना नको होते आणि आंबेडकरांनाही. एकाला त्यात देणाऱ्याची लूट दिसली, दुसऱ्याला घेणाऱ्याच्या गळ्यातील साखळी.

'गावगाडा' आम्ही जपूनच ठेवू. केवळ शेजारी दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) असावे. खळ्याच्या कडेला पदर पसरून उभ्या असलेल्यांची साक्ष आत्र्यांनी नोंदवून घेतलेली नाही.